साडेसातचं पांढरं शीड

दादा, आज सकाळीही बरोबर साडेसातला तुझं पांढरं शीड आलं. तुला जाऊन बारा दिवस झाले आहेत.

काल तोआ पायोहच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. खुर्च्या आवरता आवरता पटवर्धन काकू मला म्हणाल्या, "आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तूच लिही. दोन पानं पुरेत. त्याचा हसरा स्वभाव, त्या ग्रीक गोष्टी, आणि शेवटी झोपेत आलेलं सुखाचं मरण." मी वहीत टिपून घेतलं. १. स्वभाव. २. ग्रीक गोष्टी. ३. सुखाचं मरण. घरी आल्यावर तिसऱ्या ओळीवर काट मारली. मग पहिलीवरही मारली, कारण तुझ्या हसऱ्या स्वभावाचाच मला सगळ्यात जास्त राग आला आहे.

राहिल्या ग्रीक गोष्टी. त्यांच्यापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण शीड तिथूनच आलं. मी सांगते, तू मधे बोलू नकोस.

अथेन्सच्या राजाला क्रीटच्या राजाकडे सात मुलगे आणि सात मुली पाठवाव्या लागायच्या. तिथे भुलभुलैयात बैलाच्या डोक्याचा राक्षस त्यांना खायचा. शेवटी राजाचा मुलगा थीसियस स्वतःच निघाला. जहाजाला काळं शीड होतं. बापाला म्हणाला, जिवंत परत आलो तर पांढरं चढवीन, म्हणजे तुम्हाला लांबूनच कळेल. त्याने राक्षसाला मारलं, राजकन्येने दिलेल्या दोऱ्याच्या आधाराने बाहेर पडला, परत निघाला, आणि शीड बदलायचं विसरला. म्हातारा कड्यावर उभा राहून वाट बघत होता. काळं शीड दिसलं आणि त्याने समुद्रात उडी घेतली.

शनिवारी दुपारी तोआ पायोहच्या हॉलमध्ये दहा-पंधरा माणसांसमोर तू ही गोष्ट आधी रंगवून सांगायचास. मग बाही वर सारून म्हणायचास, "आता खणू." जन्मभर शिपयार्डात काम केलेला माणूस तू, गंज खरवडून खालचं लोखंड बघायची सवय. क्रीटला खरोखरच प्रचंड राजवाडा सापडला, खोलीतून खोली, जिन्यातून जिना. भिंतीवर बैलाच्या पाठीवरून कोलांटी मारणाऱ्या पोरांची चित्रं. त्या लोकांकडे जहाजं होती, समुद्रावर त्यांचा वचक होता. इथवर आलास की तू थांबायचास आणि बोट वर करायचास. "इथपर्यंत माती सांगते. इथून पुढे मी सांगतो." मग तुझा अंदाज. मुलं कुणी खाल्ली नसतील, खंडणीत गेली असतील आणि परत आली नसतील.

"म्हणजे आपला बकासुरच की," पटवर्धन काकू म्हणाल्या होत्या.

"तोच. गाडाभर भात आणि एक माणूस. काकू, पोरगं खंडणीत दिलं असं कुठल्या आईला म्हणवेल? राक्षसाने खाल्लं म्हणणं सोपं जातं."

"आणि बैलाचं डोकं कुठून आणलं?"

"घाबरलेल्या माणसाने भिंतीवरचं चित्र अर्धंच पाहिलं."

सगळे हसले. मीही हसले. तू हसवत होतास म्हणून आम्ही कधी तुझ्याकडे नीट पाहिलंच नाही, हे आता कळतंय.

वहिनी गेल्यावर तू सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये एकटा राहिलास. मी बुकित बातोकला. मधे मेट्रोच्या लाल लाइनची आठ स्टेशनं. तुझी रेवा लग्न करून तोआ पायोहला गेली, तीही त्याच लाइनवर. तू म्हणायचास, थीसियसला दोरा दिला राजकन्येने, आपल्याला दिला एमआरटीने, आता कुणी हरवायचं कारण नाही. मला एवढ्यावर समाधान नव्हतं. मी नियम केला: रोज सकाळी साडेसातच्या आसपास तू आम्हा दोघींच्या ग्रुपवर खुशाली कळवायची. रेवाने फोनसाठी दोन चित्रं काढून दिली, पांढऱ्या शिडाचं जहाज आणि काळ्या शिडाचं. "बरा असाल तर पांढरं. नाहीतर काळं. व्हेरी सिम्पल लाह, बाबा," ती इथल्या बोलीत म्हणाली. तुला ही कल्पना फार आवडली. वहीत मी रोजच्या तारखेपुढे एक चौकोन आखला. शीड आलं की टिक.

एक दिवस आठ वाजले तरी शीड आलं नाही. फोन उचलला नाहीस. मी तशीच निघाले. आठ स्टेशनं उभ्यानेच काढली. तर तू ब्लॉकखालच्या कॉफी शॉपमध्ये शेजारच्या लिम अंकलबरोबर टोस्ट खात बसलेला. फोन वर, चार्जिंगला.

"विसरलो," म्हणालास. "थीसियससुद्धा विसरला होता."

"थीसियसचा बाप मेला, दादा."

"तू कड्यावर उभी नव्हतीस, बुकित बातोकच्या अकराव्या मजल्यावर होतीस. ग्रिल आहे."

लिम अंकलना मराठी कळत नाही, पण मी कशासाठी ओरडते आहे ते त्यांना बरोबर कळलं. त्यांनी माझ्यासाठी न विचारता कॉफी मागवली.

मग वर तुझ्या टेबलाशी बसून आपला तो वाद झाला. तो अजून संपलेला नाही, आणि तू असा मधेच उठून गेलास. माझं म्हणणं होतं, थीसियस विसरलेला असणं शक्य नाही. जहाजावर कितीतरी वल्हेकरी. एकालाही आठवलं नाही? बाप मेल्यावर राजा कोण झाला? थीसियस. म्हणजे मुद्दाम.

"तुला सगळीकडे ऑडिट दिसतं," तू म्हणालास. "अगं, माणूस मृत्यूच्या तोंडातून सुटून घरी चाललाय. आनंदात सगळं जहाजच विसरलं. शिवाय शीड बदलणं म्हणजे उशीचा अभ्रा बदलणं नाही. ओलं कापड माणसाला चिरडेल इतकं जड असतं."

"म्हणूनच यादी हवी. निघण्यापूर्वी करायच्या गोष्टी. पहिली: शीड. आणि विसरण्याची शक्यता असेल तर ते आपोआप होईल अशी सोय."

मी तुझा फोन घेतला आणि आधीच लिहून, वेळ लावून ठेवलेला मेसेज कसा जातो ते दाखवलं. एका बैठकीत महिनाभराची शिडं चढवून ठेवता येतील, म्हटलं. तू चष्मा कपाळावर सारून माझ्याकडे पाहिलंस.

"शुभे, आपोआप चढणारं शीड काय कामाचं? ते कुणीतरी हाताने चढवलं, एवढीच तर त्यात बातमी."

"शिकून तर ठेव."

"बरं बाई, शिकव."

शिकलास. आणि वापरलं नाहीस. तुझी शिडं पूर्वीसारखीच यायची, कधी सात दहाला, कधी पावणेआठला, खाली एखादी ओळ जोडून. पोहे केले, मीठ जास्त. लिम अंकल पत्त्यांत हरले, बोलत नाहीत. वहिनीची कुंडी फुलली. मी टिक करायचे आणि चिडायचे, की एक वेळ ठरव ना.

मग गेले चार महिने तू शिस्तीत आलास. रोज सात तीस. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही. खालची ओळ गेली, तेही मला बरंच वाटलं, सुटसुटीत. "शेवटी सुधारला," असं मी रेवाला फोनवर सांगितलं. हे वाक्य मी बोलले आहे. ते मला आता कुठे ठेवावं कळत नाही.

त्या मंगळवारी साडेसातला शीड आलं. मी टिक केलं. सव्वानऊला ऑफिसमध्ये मीटिंगच्या दारात असताना लिम अंकलचा फोन आला.

"तुझा ब्रदर आज खाली आला नाही, लाह."

"तो बरा आहे, अंकल. मला साडेसातला मेसेज आलाय."

"मेसेज आला?"

"हो. उठायला उशीर झाला असेल."

"ओके," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण त्याची कॉफी गार झाली."

मी मीटिंगला गेले. कुठलं कपाट कुठल्या मजल्यावर हलवायचं यावर आम्ही दीड तास बोललो. अकरा दहाला अंकलचा पुन्हा फोन. ते वर गेले होते, दोनदा बेल वाजवली होती, आत पंख्याचा आवाज येत होता. माझ्याकडे तुझी किल्ली होती. टॅक्सीत मी रेवाला फोन केला नाही. तिची परीक्षा जवळ आली होती, आणि मला वाटलं, आधी खात्री करावी. बघ, हे घराण्यातच आहे.

डॉक्टर म्हणाले, पहाटे चार-पाचच्या सुमारास. म्हणजे साडेसातला शीड चढलं तेव्हा चढवणारा नव्हता. डॉक्टर असंही म्हणाले की मी सव्वानऊला आले असते तरी फरक पडला नसता. मला माहीत आहे. मी फरकाबद्दल बोलत नाहीये. तू तिथे पडलेला असताना, तुझ्या दारापर्यंत जाण्याची अक्कल असलेल्या एकमेव माणसाला मी फोनवर सांगत होते की तू बरा आहेस. माझ्याकडे पुरावा आहे, असं सांगत होते.

दुसऱ्या दिवशी साडेसातला, तुला न्यायची तयारी चालली असताना, ग्रुपवर पांढरं शीड आलं. रेवाच्या हातातून फोन पडला.

पाचव्या दिवशी कागदपत्रांसाठी मी तुझं कपाट उघडलं. फायली मीच लावून दिल्या होत्या: फ्लॅट, पासपोर्ट, विमा, आजारपण. आजारपणाच्या फायलीत दातांची दोन बिलं होती. मग शेवटी, निव्वळ यादी पूर्ण करायची म्हणून, "वहिनी" असं लिहिलेली फाइल काढली. ती मी तीन वर्षं उघडली नव्हती, आणि पुन्हा कधी उघडणार नाही हे तुला ठाऊक होतं. म्हणून तर तिथे ठेवलंस. तिच्या कागदांच्या मागे तुझी पत्रं. हृदयाची झडप अरुंद झाली आहे. ऑपरेशन लवकर करावं, लांबवू नये. त्यानंतरचं पत्र: रुग्णाच्या विनंतीवरून तारीख पुढे ढकलली आहे. त्यानंतरचं: रुग्णाच्या विनंतीवरून पुन्हा. नवी तारीख तू जाऊन जवळजवळ तीन आठवड्यांनी येणाऱ्या सोमवारची.

मग मी माझा फोन घेऊन बसले आणि तू शिकवलंस तसं खणलं. ग्रुपवरचे मेसेज वरच्या थरापासून खाली. सात तीस, सात तीस, सात तीस, नुसतं शीड, नुसतं शीड. सगळ्यात शेवटचे शब्द एका मंगळवारचे आहेत: "आज जरा बाहेर काम आहे, दुपारी बोलू." पहिल्या पत्रावरही त्याच मंगळवारची तारीख आहे. बुधवारपासून सात तीस. इथपर्यंत फोन सांगतो. इथून पुढे मी सांगते: तू संध्याकाळी घरी आलास, टेबलाशी बसलास, आणि मी शिकवलेली सोय पहिल्यांदा वापरलीस. रोज सकाळी हाताने खोटं चढवावं लागू नये म्हणून. मी दिलेलं हत्यार वर्षभर म्यानात होतं, ते तू माझ्यावरच काढलंस.

खुणा वरही पडल्या होत्या, खणायची गरजच नव्हती. तू माझ्याबरोबर टेकडीवर फिरायला येणं बंद केलंस. जिना चढताना मधे थांबून खालचं पार्किंग बघायला लागलास, जणू तिथे पाहण्यासारखं काही आहे. शनिवारी बसून बोलायला लागलास. माझ्या वहीत हॉलच्या तयारीची यादी आहे: पंखे, पाणी, प्रोजेक्टर, दादासाठी खुर्ची. ती खुर्ची मी स्वतःच्या हाताने मांडली. चार महिने. आणि टिक केलं.

काल शोकसभेत सगळे बोलले. झोपेत गेला, कुणाला त्रास नाही, स्वतःला त्रास नाही, पुण्यवान माणूस. तू सांगायचास की घटनेवर कथेचा थर चढायला शेकडो वर्षं लागतात. तुझ्या बाबतीत अकरा दिवस पुरले. चार महिने धाप लागत असताना कॉफी शॉपमध्ये हसत बसलेल्या माणसाला लोकांनी बिनत्रासाचा करून टाकलं, आणि मी पुढच्या रांगेत बसून मान डोलावली.

सभेनंतर रेवा जिन्यापाशी उभी होती. तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा या आठवड्यात आहे, पण तिने नाव काढून घेतलंय. ती म्हणाली, "आत्या, त्याच्या आधीच्या रविवारी मी बाबांकडे जाणार होते. बॅगपण भरली. मग शीड आलं, व्हाइट. मला वाटलं, ओके लाह, आधी अभ्यास. गेले असते तर मला दिसलं असतं ना?"

तुझी फाइल तेव्हा माझ्या पिशवीत होती, दादा. काढून द्यावी तर तिला तारखांवरून कळणार, बापाने ऑपरेशन तिच्या परीक्षेसाठी पुढे ढकललं. न द्यावी तर ती जन्मभर त्या रविवारची बॅग भरत बसणार. मला पन्नास वर्षांत पहिल्यांदा दोन ओळींची यादी करता आली नाही. मी म्हटलं, "तू काही चुकली नाहीस." ती म्हणाली, "तू सांगतेस म्हणून?" आणि मग, "आत्या, बाबांचा फोन बंद कर. प्लीज. रोज सकाळी मला ते बघवत नाही."

फोन माझ्याकडे आहे. कुलूप लावलेला, आकडे कुणालाच माहीत नाहीत, त्यामुळे आत पुढे काय लावून ठेवलंयस ते दिसत नाही. मी तो बंद केलेला नाही. रोज चार्ज करते. रेवाला म्हटलं, कागदपत्रांसाठी लागेल. ते खरं नाही. मला बघायचंय, तू किती दिवसांचं खोटं आधीच लिहून ठेवलं होतंस. एकेक सकाळ मोजून बघायचीय. महिनाभर? वर्षभर? माझी सत्तरी येईपर्यंत?

इतकं रागाने लिहिल्यावर एक गोष्ट लिहिली नाही तर मीही खोटी ठरेन.

मी या देशात आले तेव्हा वर्षभर तुझ्या घरी राहिले. माझ्या वहीला तोवर सगळे हसत आले होते, आई, नवरा, ऑफिस. मग कितीतरी वर्षांनी त्या हॉलमध्ये एका शनिवारी तू मातीच्या पाट्यांची गोष्ट सांगितलीस. त्या राजवाड्यांत लिहिलेल्या पाट्या सापडल्या. लोकांना वाटलं, यात राजांची गुपितं असतील, युद्धं असतील. कितीतरी वर्षं लिपीच लागली नाही. लागली तेव्हा निघाल्या याद्या. इतक्या मेंढ्या, इतकं तेल, रथाची इतकी चाकं, त्यातली इतकी निकामी. एकीवर देवांना द्यायच्या मधाची नोंद, आणि त्यात भुलभुलैयाच्या स्वामिनीसाठी एक बुधला. पाट्या कच्च्या होत्या. राजवाडा जळाला म्हणून भाजून निघाल्या आणि टिकल्या. एवढं सांगून तू मागच्या रांगेत हजेरी घेत बसलेल्या माझ्याकडे बोट केलंस. "राजे कुणी पाहिले नाहीत. पण हिच्यासारखी कुणीतरी कोपऱ्यात बसून टिक करत होती, ती खरी निघाली."

सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मी मान खाली घालून हजेरी पूर्ण केली. त्या दिवशी मला जे वाटलं ते मी तुला कधी सांगितलं नाही. यादीत होतं. वाढदिवसाला सांगू म्हणून ठेवलं होतं.

आणि त्याच यादीकडून तू खोटी साक्ष लिहून घेतलीस. टिक केलेले चार महिने आहेत माझ्याकडे, दादा. हजार वर्षांनी कुणी वही खणून काढली तर म्हणेल, हा माणूस ठणठणीत होता, लिहून ठेवलंय की.

इथपर्यंत रविवारी लिहिलं होतं. पुढचं शनिवारी लिहिते आहे.

सोमवार ते गुरुवार चार पांढरी आली. गुरुवारी रेवाचा शेवटचा पेपर व्हायचा होता. ती घरीच होती.

शुक्रवारी साडेसातला मी चहाचं भांडं हातात धरून उभी होते. फोन वाजला. काळं शीड. तीन वर्षांत पहिल्यांदा. आणि त्याखाली, चार महिन्यांनी, शब्द.

"दोघी आज संध्याकाळी या. घाबरू नका. काही सांगायचंय, ते पेपर होईपर्यंत ठेवलं होतं. सोमवारी हॉस्पिटलमध्ये जायचंय, शुभाने यादी करावी. शुभे, ओरडायचं ते आल्यावर ओरड."

मिनिटभरात रेवाचा फोन. तिने तो मेसेज मला मोठ्याने वाचून दाखवला. मग म्हणाली, "आत्या, पेपर म्हणजे माझा पेपर?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"बारा दिवस. फाइल माझ्याकडे आहे."

"संध्याकाळी घेऊन ये," ती म्हणाली. "त्यांनी बोलावलंय ना. जाऊ या."

संध्याकाळी आम्ही दोघी तुझ्या टेबलाशी बसलो. रेवाने सगळी पत्रं एकेक करून वाचली, तारखा बोटाने जुळवत, अगदी तुझ्यासारखी. मला भीती होती की ती कोसळेल. ती लाल झाली. "परीक्षा दर सहा महिन्यांनी असते, आत्या. दर सहा महिन्यांनी. मी परत दिली असती. सो स्टुपिड. मला विचारायचं तरी." मग रडली, पण आधी चिडली, आणि चिडली म्हणून त्या रविवारबद्दल पुन्हा बोलली नाही. तिने मला हे सगळं छापायला सांगितलंय. म्हणाली, "बाबांबद्दल खोटी स्टोरी नको. ते वैतागतील."

वाद मी जिंकले, दादा. शीड विसरण्याची गोष्ट नव्हती. तुझ्याकडे यादी होती. पेपर गुरुवारी, शीड शुक्रवारी, ऑपरेशन सोमवारी. सगळं वेळच्या वेळी लावलेलं, माझ्याच पद्धतीने, माझ्याकडूनच शिकून, आणि त्यात एकच गोष्ट तू धरली नव्हतीस, की झडप तुझी यादी वाचत नाही. माझ्यासारखी मूर्ख चूक माझ्यासारख्या माणसानेच करावी. तू नव्हती करायची.

हे मी तुला म्हणाले. टेबलाशी उभी राहून, त्या रिकाम्या खुर्चीला, मोठ्याने. तू लिहिलं होतंस आल्यावर ओरड, म्हणून ओरडले. चार महिन्यांबद्दल, वहिनीच्या फायलीबद्दल, हॉलमधल्या खुर्चीबद्दल, लिम अंकलना दिलेल्या त्या उत्तराबद्दल. रेवाने थांबवलं नाही. खिडक्या उघड्या होत्या, अख्ख्या ब्लॉकने ऐकलं असेल.

बेल वाजली. दारात लिम अंकल, घरच्या चपलांत.

"ओके आह?" त्यांनी विचारलं.

"ओके, अंकल. भावाशी बोलतेय."

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत, त्या खुर्चीकडे पाहिलं आणि मान हलवली.

"गुड," ते म्हणाले. "त्याला सांग, कॉफी गार झाली."